वाळूत उभे मासे

नाना कुठल्याही घरात शिरले की आधी भिंतीशी उभे राहायचे. हलायचे नाहीत, बोलायचे नाहीत. “आपलं पाऊल पडनं की बठ्ठं दडी जास. गुपचूप उभं ऱ्हावं, मंग भाईर येस,” म्हणायचे. आमच्या पिंप्राळ्याच्या दोन खोल्यांत असं सगळं दडून बसण्यासारखं काय होतं, ते मी कधी विचारलं नाही.

नाना आमचे लांबचे नातलग, मूळचे पारोळ्याचे. कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटावर पर्यटकांना पाण्याखाली न्यायचं काम त्यांनी वीस वर्षं केलं. माझा धाकटा भाऊ दिनेश त्यांच्याच शब्दावर तिकडे गेला. एके दिवशी दोघं पाण्यात उतरले आणि नाना एकटे वर आले. दिनेश सापडलाच नाही.

नाना कायमचे परतले आणि दर रविवारी आईजवळ येऊन बसू लागले. दिनेशच्या फोटोला आई हार घालू देत नव्हती. नाना तिला तिकडच्या समुद्रातल्या जिवांच्या गोष्टी सांगायचे. पोपटासारख्या चोचीचा एक मासा झोपताना तोंडातून पातळ पडदा काढतो आणि त्यात स्वतःला गुंडाळून घेतो.

“मासा गोधडी पांघरस? थापाड्या!” आई हसायची. मग हळूच, “आनि मना दिन्या?”

“त्यानी हात दखाडा, माय. म्हंजे, तुम्ही व्हा पुढे, मी येसू.”

आई खिडकीकडे बघायची, तो रस्त्यात असल्यासारखी.

गेल्या हिवाळ्यात नाना धुळ्याच्या दवाखान्यात होते. फुप्फुसांत पाणी झालं होतं. मला जवळ बोलावून म्हणाले, “दिन्यानी हात नही दखाडा, भाऊ. माले कासव दिसनं. मी तेना मांगे गऊ.”

मग थांबत थांबत सांगितलं. तिथे तळाच्या वाळूत बारीक, लांब मासे गवतासारखे उभे असतात. माणूस जवळ आला की सगळे बिळात शिरतात, गेला की पुन्हा डोलू लागतात. कासव नाहीसं झाल्यावर नानांनी मागे, दिनेशला सोडलं होतं तिकडे, वळून पाहिलं.

“बठ्ठा मासा उभा व्हतात,” नाना म्हणाले. “म्हंजे तठे कोनीच नव्हतं.” आणि डोळे मिटून, “मायले सांगजो.”

तिसऱ्या दिवशी ते गेले.

न सांगितलं तर आई खिडकीशी तशीच बसणार होती. सांगितलं तर नाना तिच्या मनातून उतरणार होते. त्यांच्या तेराव्यानंतर मी तिला सगळं सांगितलं.

ती खिडकीकडून माझ्याकडे वळली. मग म्हणाली, “कासव केवढं व्हतं रे?”

मी ते विचारलं नव्हतं. तरी दोन्ही हात पसरले. मधल्या रिकाम्या जागेकडे आई एकटक बघत राहिली. माझे दंड भरून आले, तरी हात खाली घेता येईनात.