रुपसिंगच्या हातातली बंदूक

माझे वडील कौतिक नाना सत्त्याऐंशी वर्षांचे आहेत. गेल्या तीन महिन्यांत त्यांनी मला एका रकान्यापायी पिंप्राळ्याहून तालुक्याच्या गावी पाच खेपा घालायला लावल्या. मी बँकेतून रिटायर झाले म्हणजे मला दुसरं कामच उरलं नाही, असा त्यांचा ठाम समज आहे.

त्या गावी सैनिकांचं स्मारक होतंय. काळ्या दगडावर तालुक्यातल्या शहिदांची नावं कोरायची आहेत आणि नानांना तिथे रुपसिंगचं नाव हवंय. रुपसिंग सातपुड्याच्या पायथ्याचा, पाड्यावरचा. दोघं एकाच दिवशी नौदलात भरती झाले, एकाच जहाजावर शिकले, आणि सत्तावन्न साली रुपसिंग तिथेच गेला. अर्जात रकाना होता: 'कोणत्या युद्धात?' नानांनी लिहिलं, 'युद्ध नव्हतं. शिकताना.' अर्ज परत आला. नानांनी पुन्हा तेच लिहिलं. पुन्हा परत.

त्या जहाजाची कथा मी लहानपणापासून इतकी ऐकलीय की मला तोंडपाठ आहे. बांधणी मासेमारी नौकेची, पण महायुद्धात ते बंदराच्या तोंडाशी पेरलेले सुरुंग काढायला बांधलं होतं. युद्ध संपल्यावर ते मोडीत काढलं नाही. पुढची तोफ उतरवली, तिथे ताडपत्री ताणली आणि नव्या पोरांचा वर्ग भरवला. सकाळी दोराच्या गाठी, दुपारी होडी उतरवायची आणि चढवायची, मध्येच चोरटा माल आणणाऱ्यांच्या मागे किनाऱ्याकिनाऱ्याने धावायचं. कोळसा खाणारं, चढाला लागलेल्या एसटीसारखं धापा टाकणारं. नाना त्याला 'म्हातारी' म्हणतात.

स्मारक समितीचे नवलभाऊ केळीचे व्यापारी. माणूस वाईट नाही, घाई फार. त्यांनी सांगितलं, बासष्ट टाका, पासष्ट टाका, तपासायला कोण बसलंय; फक्त शुक्रवारच्या आत टाका. वर नानांचा फोटो घालून फ्लेक्सही लावून टाकला: 'युद्धवीर कौतिक नाना', आणि मागे चार तोफांची अवाढव्य युद्धनौका. नाना फ्लेक्ससमोर उभे राहून बोटाने तोफा मोजत राहिले.

"एकबी नव्हती," म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, नाना, एक आकडा लिहा आणि मोकळे व्हा, तुमचं काय जातंय? तुमच्या हट्टापायी त्या बिचाऱ्याचं नाव राहून जाईल. त्यानंतर दोन दिवस ते धड जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, मला रेशमाकडे ने.

रेशमाबाई म्हणजे रुपसिंगची धाकटी बहीण, आता तीही पंचाहत्तरीच्या पुढची. भाड्याची गाडी करून गेलो आणि त्यांना स्मारकाचं, अर्जाचं सांगितलं. पाड्याच्या वाटेवरच, त्यांच्या घरासमोर, रुपसिंगचा दगड उभा आहे. प्रेत घरी आलं नव्हतं, म्हणून घरच्यांनी दगड बसवला. त्यावर कोरलेला शिपाई, हातात बंदूक, रंग अगदी ताजा. मी सहज विचारलं, तर रेशमाबाई कौतुकाने सांगू लागल्या की दरवर्षी होळीआधी त्या स्वतः रंग देतात. भाऊ शत्रूशी लढताना पडला, हे कौतिकभाऊंनीच रजेवर आल्यावर त्यांच्या आईला सांगितलं होतं.

मी नानांकडे पाहिलं. तीन महिने मला खरेपणाचे धडे देणारा हा माणूस! मला भयंकर संताप आला.

नाना दगडाकडे बघतच बोलले. लढाई नव्हती. होडी उतरवायचा सराव चालला होता, रुपसिंग होडीत होता. वर जहाजावरून दोघं जण होडीच्या दोन टोकांचे दोर हळूहळू सोडत होते. एक दोर सुटला, होडीचं तोंड खाली गेलं आणि रुपसिंग होडी आणि जहाजाच्या मध्ये सापडून पाण्यात गेला.

 रेशमाबाईंनी एवढंच विचारलं, "दोर कोना हातमा व्हता?"

"मना," नाना म्हणाले आणि त्यांनी स्वतःचे दोन्ही तळवे पुढे केले.

त्या उठून घरात गेल्या. मला वाटलं, आता दार लावून घेतील. पण परत आल्या त्या पांढऱ्या रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन. दोन्ही त्यांनी नानांच्या पुढ्यात ठेवलं.

"साठ वरीस मी या बंदूकले रंग दिना," त्या म्हणाल्या. "तठे अर्जमा तुले जे लिखनं ते लिख. आठली बंदूक आते तूच पुस."

नानांनी ब्रश उचलला, तशी मी तो घ्यायला पुढे झाले. त्यांनी मला कोपराने दूर सारलं. मी दुपारभर उन्हात उभी राहिले, शुक्रवारच्या आत द्यायचा कोरा अर्ज पर्समध्ये तसाच. नानांनी बंदुकीवर रंगाचे चार हात दिले, तरी पांढऱ्याखालून ती दिसतच होती.