होडीतली पाठमोरी बाई

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलांना नाही. वृंदाला, माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीला, तर नाहीच — आणि खरं म्हणजे तिलाच सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. तुम्हाला का सांगतेय? माहीत नाही. सिनेमापासून सुरुवात करते, तेवढं सोपं आहे.

जुना, कृष्णधवल सिनेमा. शेवटी नायिका घरदार सोडून एकटीच खाडी ओलांडते, नायकाकडे जायला. भरतीचं पाणी, वारा, फडफडणारा पदर, आणि ती होडीत ताठ उभी राहून वल्हं मारतेय. चेहरा दिसतच नाही. नुसती पाठ. त्या पाठीवर आमच्या आईबापांची पिढी जीव टाकायची. नव्वदच्या आसपास, मी पनवेलला कॉलेजात असताना, तो टीव्हीवर लागला आणि आम्ही मुलीही वेड्या झालो.

ती पाठ कुणाची, हे मला लहानपणापासून माहीत होतं.

माझ्या जनाआत्याची. शूटिंग आमच्याच खाडीवर झालेलं. नटीला पाण्याची भीती. मग उभ्यानं होडी हाकणारी पोर हवी म्हणून आत्याला उचललं आणि नटीची साडी नेसवली. घरात चार माणसं जमली की आत्या हे सांगायचीच. आम्ही पोरं तिला अंगणात उभं करून, 'दाखव ना, दाखव ना' म्हणायचो.

पण कॉलेजातली मी वेगळीच होते. वडील कचेरीत, आम्ही भाड्याच्या खोलीत, आणि मी 'आमी' टाकून 'आम्ही' म्हणायला शिकलेली. गाव कुठलं, असं कुणी विचारलं की म्हणायचे, 'गाव असं काही नाही आम्हाला.' म्हणजे खोटं तेव्हाच सुरू झालं होतं — नाही का?

वृंदाचे मामा पुण्याहून आले. मामी नुकत्याच गेल्या होत्या. लग्नानंतर दोघांनी पाहिलेला पहिला सिनेमा हाच. त्यातल्या जागा एकदा बघून येऊ, असं आयुष्यभर म्हणत राहिले, आणि राहूनच गेलं. आता ते एकटे आले होते. वृंदानं मलाही गाडीत बसवलं.

आधी तळ्याच्या पायऱ्या, जिथे सिनेमात नायक-नायिका पहिल्यांदा भेटतात. मामांनी चपला काढल्या. देवळात काढतात तशा. मग कर्नाळ्याच्या पायथ्याचा रस्ता. 'इथंच... अगदी इथंच,' एवढंच म्हणायचे. मोठा माणूस एखाद्या जागेपुढे असा लहान झालेला मी कधी पाहिला नव्हता. माझेच डोळे भरून येत होते. मग ते म्हणाले, 'आता खाडी.'

जासई मागे पडली, आता पुढे आमचंच गाव. डोकं दुखतंय म्हणता आलं असतं. म्हटलं नाही — कारण मलाही ती खाडी त्यांच्या डोळ्यांनी बघायची होती.

आणि दिसली! जन्मभर मला तिथे चिखल दिसलेला, सुकटीचा वास आलेला. त्या दिवशी पाणी काठोकाठ भरलं होतं, चांदी ओतल्यासारखं, आणि पलीकडचा किनारा इतका लांब, की कुणी एकटीनं तिकडे जायचं ठरवलं ह्याचंच नवल वाटावं. ही आमची खाडी? मी बघतच राहिले.

बांधावर आत्या मासळी वाळत घालत होती.

तिनं मला पाहिलं. तोंड उघडलं, हाक मारणारच होती — आणि मी तिच्याकडे बघितलं. कसं बघितलं असेन मी? तिचं तोंड मिटलं.

मामांनीच तिला विचारलं, 'बाई, इथं सिनेमाचं शूटिंग झालं होतं, आठवतं का हो?'

आत्या हसली. 'आटवतं म्हंजे? ती होरीतली पोर मीच हाय. त्या बाईला पान्याचं भ्या. तिचं लुगडं मना नेसवलं.'

मामांचा चेहरा उजळला, मग गोंधळला. त्यांना विश्वास ठेवायचा होता हो, नुसता धीर होत नव्हता. ते माझ्याकडे वळले. 'तू इकडचीच ना? खरं म्हणते का ही?'

'इथल्या सगळ्याच बायका असं सांगतात, मामा.'

हे मी बोलले. हसत बोलले. वृंदाही हसली. आत्या माझ्याकडे बघत होती. रागानं नाही. एखादं अनोळखी माणूस बघावं तशी.

आम्ही गाडीत बसलो. मामा पुढे, मामींबद्दल काहीतरी सांगत होते. मी मागच्या काचेतून वळून पाहिलं. आत्यानं होडी पाण्यात लोटली होती, पलीकडे जाळी लावली असावीत. ती उभी राहिली. पदर कमरेला घट्ट खोचलेला, केस पिकलेले. पण वल्हं मारताना खांदा जसा वळला, मान जशी ताठ झाली, तशी जगात दुसऱ्या कुणाची होत नाही. टीव्हीच्या एवढ्याशा काचेत ज्यासाठी आम्ही श्वास रोखायचो, ते माझ्यासमोर उन्हात, खऱ्या पाण्यावर चाललं होतं.

'मामा, मागे बघा.' एवढंच म्हणायचं होतं. त्या माणसाचं सगळं येणं सार्थकी लागलं असतं. मी वळण येईपर्यंत एकटीच बघत राहिले.

आत्यानं वडिलांना कधी काही सांगितलं नाही. माझ्या लग्नात ती राबली, सगळ्यांच्या आधी येऊन सगळ्यांच्या मागून गेली. हळदीला चुलतबहिणीची मुलगी तिच्या मांडीवर चढली. 'आजी, तू सिनेमात व्हतीस ना? सांग ना.'

'मी नाय गो बाय,' आत्या म्हणाली. 'दुसरीच कोन तरी व्हती ती.'

बायका हसल्या. त्यांना वाटलं, म्हातारी चेष्टा करतेय. आत्या हसली नाही, माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही, वाटीतली हळद कालवत राहिली. मी पाटावर तिच्यासमोरच बसले होते.