पदरात बांधून आणलेलं मत

देशाच्या पहिल्या निवडणुकीत मी मतपत्रिका पेटीत टाकलीच नाही. पेटीला कुंकू वाहिलं, हात जोडले आणि मतपत्रिका प्रसादासारखी पदरात बांधून घरी आणली. इतकी मी शहाणी.

परवा टीव्हीवर, नुकत्याच स्वतंत्र झालेल्या कुठल्याशा देशातल्या बायका घटना समिती निवडायला रांगेत उभ्या दिसल्या. त्यातली एक कोवळी पोर कागद छातीशी धरून होती. म्हटलं, बाई गं, तेवढा पेटीत टाक. पण तिच्या चेहऱ्यावरची भीती आणि ऐट पाहून वाटलं, एकदाच तिच्या जागी उभं राहता यावं. नंतर कितीदा मत दिलं, पण पहिल्या वेळची ती नवलाई पुन्हा आली नाही.

त्या दिवशी मी कौतुकानं मतपत्रिका दाखवली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं, जन्मात पहिल्यांदा कुणीतरी आपल्याला विचारलं, आणि तू उत्तर घरी घेऊन आलीस?"