विश्रामभाऊंची घासलेली नाणी

आमच्या समोरच्या ब्लॉकमधले विश्रामभाऊ नाणं धरायचे ते फक्त कडेनं, अंगठा आणि तर्जनीत. दुसऱ्या कुणी त्यावर बोटं टेकवली की त्यांच्या कपाळावर आठी पडायची. ठाण्याच्या कोर्टात लिपिक होते. पगार झाला की कल्याणच्या जुन्या बाजारात हिंडून एखादा राणीछाप चांदीचा रुपया शोधायचे आणि डोंबिवलीला आणून कागदाच्या पाकिटात घालायचे. नाणी दिसायला काळपट, कडेला जांभळट झाक असलेली. मी एकदा म्हटलं, "भाऊ, जरा चिंच लावा की."

"सुमतीताई, हा काळेपणा चांदीवर चढायला शंभर वर्षं लागतात," ते म्हणाले. "तो काढला की नाण्याची किंमत गेली. घेणारा आधी तेच बघतो."

वहिनी गेल्या, मुलगा केदारचा संसार वाढला, तसे भाऊ आतल्या खोलीतून हॉलमधल्या दिवाणावर आले. टीव्ही बंद होईपर्यंत बसून राहायचं आणि सकाळी नातीच्या, सान्वीच्या, शाळेच्या गडबडीआधी अंथरूण गुंडाळायचं. केदार चांगल्या कंपनीत, बोलायला गोड. "बाबा, काही हवंय का?" असं येता-जाता विचारणार आणि उत्तर न ऐकता पुढे जाणार. मला त्या गोडव्याची शिसारी येते, आणि ती लपवायची मला काही गरज वाटत नाही.

पंचाहत्तरी जवळ आली तेव्हा भाऊंनी मनाशी ठरवलं, नाणी विकायची आणि खडवलीला नदीच्या बाजूला एक खोली घ्यायची. ठाण्यातल्या एका व्यापाऱ्यानं नाणी बघून होकार दिला होता. त्यातल्या एका रुपयासाठी तर तो हटूनच बसला होता. त्या सालचे रुपये फार थोडे पाडले होते म्हणे. पंचाहत्तरी आटोपली की सगळी नाणी घेऊन जायचं ठरलं. घरी मात्र भाऊ काही बोलले नव्हते. बोलले असते तर केदारला वाईट वाटलं असतं ना.

पंचाहत्तरीच्या दिवशी सकाळीच भाऊ मला खोली दाखवायला घेऊन गेले. दहा बाय दहाची असेल, एक खिडकी, एक मोरी. त्यांनी आत जाऊन दार लावलं आणि जरा वेळ आतच राहिले. बाहेर आले तेव्हा चेहरा असा, की मीच दुसरीकडे बघितलं.

संध्याकाळी परतलो तर हॉलमध्ये फुगे, नातेवाईक आणि तळणाचा वास. केदारची बायको नीरजा औक्षणाचं ताट घेऊन उभी होती. दिव्यांच्या मधोमध भाऊंची नाणी रचलेली. पांढरी, लख्ख, नुकतीच कल्हई करून आणल्यासारखी.

"सरप्राइज, बाबा," केदार म्हणाला. "किती घाण साचलेली. अख्खी दुपार घासत बसलेलो आम्ही. चिंच-मिठानं निघेना, मग पावडर आणि तारेची घासणी घेतली."

औक्षणात चांदी ठेवायची तर ती उजळूनच, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. पण बापानं जन्मभर जी वस्तू जिवापाड जपली तिला तारेची घासणी लावताना एकदा विचारावं, हेही शिकवावं लागू नये. भाऊंच्या बहिणीनं, कांताआत्यांनी, प्रत्येक नाण्याला हळदकुंकू लावलं. कुणीतरी गुलाबजाम खाल्लेल्या चिकट बोटांनी एक उचललं, दातांत धरलं आणि फोटो काढून घेतला.

भाऊंनी तो एक रुपया शोधून काढला आणि दिव्याजवळ नेला. राणीच्या गालभर बारीक ओरखडे होते, केसांच्या बटा सपाट झाल्या होत्या. त्यांनी तो परत ताटात ठेवला आणि पाटावर बसले. सान्वी टाळ्या वाजवत होती.

ठाण्याला मी त्यांच्याबरोबर गेले. व्यापाऱ्यानं भिंगातून तोच रुपया पाहिला, मग दोन-चार इतर, आणि भिंग खाली ठेवलं. "काका, हे कुणी केलं?" त्यानं वजनकाटा पुढे ओढला. "आता हे चांदीच्या भावानंच जाईल." त्यात खडवलीच्या खोलीचं दारसुद्धा आलं नसतं. भाऊंनी नाणी पिशवीत भरून परत आणली.

हे मीच केदारला सुनावलं. त्याला खरंच वाईट वाटलं, डोळ्यांत पाणीबिणी आलं. मग म्हणाला, "पण काकू, बाबांनी आधी सांगायचं ना. आणि खोली कशाला? इथे काय कमी आहे त्यांना?"

गणपतीच्या आधी त्यानंच तोडगा काढला. नाणी नुसती पडून राहण्यापेक्षा आटवून त्यांचं तबक करून घेऊ. भाऊ म्हणाले, "ने."

गणपतीत मी दर्शनाला गेले तर तबक मखरापुढे होतं, मोदकांनी भरलेलं. केदार येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगत होता, हे बाबांचं. मी प्रसाद घेतला नाही, उपास आहे म्हणून सांगितलं. भर दुपार होती, पाहुणे दिवाणावर दाटीवाटीनं बसले होते. त्यांच्यात अगदी टोकाला भाऊ, डुलक्या आवरत. त्यांना जरा आडवं व्हायचं होतं, आणि कुणीच उठत नव्हतं.