अस्माराहून आणलेला निरोप

रिया, जोएल, परवा तुम्ही फोनवर विचारलंत, "आजी, व्हेअर इज अबेबा आंटी?" आणि मी विषय बदलला. ते बरं केलं नाही. म्हणून हे लिहिते आहे, मम्मी तुम्हाला वाचून दाखवील. अबेबा आंटी गेली. महिना उलटून गेला. हॉस्पिटलातून फोन आला तेव्हा मी तिच्यासाठीच पेज गाळत होते...

कतारला, दोह्यात माझ्या ऑफिसात तिचं टेबल माझ्या शेजारी होतं. ती इरिट्रियाची, राजधानी अस्माराची. तरुणपणी सरकारी परवानगी न घेता देश सोडून आलेली. परत गेली असती तर तिला पुन्हा बाहेर पडू दिलं नसतं, कदाचित तुरुंगातही टाकलं असतं. तरी दर वर्षी म्हणायची, "नेक्स्ट इयर, इन्शाल्ला." मग एका वर्षी तुमच्या आजोबांना तिथल्या बंदर खात्याच्या कामासाठी अस्माराला जायचं निघालं आणि मीही सोबत निघाले. अबेबाने आईसाठी शाल दिली. "माझ्या वाटचंही बघून ये," असं हसत म्हणाली. तिला तिच्या गावात पाऊल ठेवता येत नव्हतं, आणि माझ्या पासपोर्टावर शिक्का मारताना तिथला अधिकारी म्हणाला, "वेलकम!"

इतकी शांत राजधानी मी पाहिली नव्हती. उंचावरचं गाव, चांगलाच गारवा, आणि मी दोह्याच्या सवयीने स्वेटर न घेता गेलेली. रुंद रस्त्याला ताडांची रांग, चार सायकली, एखादी जुनी मोटार. संध्याकाळी सगळं गाव नीटनेटके कपडे करून नुसतं फिरायला निघे. चौकातला पोलीस आमच्याकडे टक लावून बघत होता. "त्याला दुसरं काम काय? टुरिस्ट म्हणून आपण दोघंच आलोय," आजोबा म्हणाले. मी खूप हसले. तिथे मी फार आनंदात होते, हेच आता टोचतं.

अबेबाच्या आईने आमच्यासमोर कॉफीच्या बिया भाजल्या, धूप घातला. शेजारची एक शिक्षिका तिचं बोलणं इंग्रजीत सांगत होती. "जाड झाली का माझी मुलगी? की ऑफिसात उपाशीच बसते?" शाल तिने बाजूला ठेवली, पण माझा हात सोडेना. हा हात अबेबाच्या हाताला लागलेला, म्हणून तो तिने नाकाशी नेला. तिसऱ्या कपानंतर म्हणाली, "तिला सांगा, येऊ नको. मी मेले तरी येऊ नको."

दोह्यात परतल्यावर मी निरोप दिला, एक शब्दही इकडेतिकडे न करता.  अबेबा म्हणाली, "खलास." आणि विचारलं, "कॉफी कशी होती?"

पुढे "नेक्स्ट इयर" मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नाही. आजोबा म्हणतात, "अगं, तू फक्त सांगितलंस. शब्द तिच्या आईचे होते." खरं आहे. पण तिची गल्ली, तिचं घर, तिची आई, सगळं मी सहज बघून आले, आणि तिच्यासाठी आणलं काय, तर येऊ नको...

शेवटी तिला अस्माराला पाठवलं, पेटीतून. या वेळी कुणी अडवलं नाही.

आता शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्चमधल्या मिस्साहून आले की मी तिच्या आईला फोन लावते. ती तिच्या भाषेत बोलते, मी मराठीत. मागच्या शुक्रवारी शिक्षिका तिच्याजवळ होती. तिच्याकरवी आईने विचारलं, "मी रागाने नव्हते म्हणाले. तिला कळलं होतं ना?"

मी म्हटलं, "हो."

मला माहीत नाही, बाळांनो. मी तिला कधी विचारलंच नाही.

अबेबाची आई अजून आहे. पहिल्या रिंगला फोन उचलते.