दोन विहिणी घेऊन सेव्हिया

मृणालला सातवा महिना लागला आणि आमच्या इंग्लंडमधल्या, स्टॅनमोरच्या टू-बेड फ्लॅटमध्ये दोन सत्ताकेंद्रं तयार झाली. एक माझ्या सासूबाई, नागपूरच्या रिटायर्ड पीटी टीचर. त्या रीतसर, लेकीच्या बाळंतपणासाठी आलेल्या. दुसरी माझी आई, सांगलीची. ती नेमकी कशासाठी आलीय हे कुणालाच नीट माहीत नव्हतं. "मलापण यायचंय की," असं फोनवर म्हणाली आणि आली.

दोघी एकमेकींशी इतक्या आदराने बोलायच्या की अंगावर काटा यावा. "विहीणबाई, तुम्ही बसा, मी करते." "छे छे, तुम्हीच बसा." मग बसायचं कुणीच नाही आणि एका हॉबवर दोन वरणं शिजायची. मी दोन्ही खायचो, आणि कुठलं जास्त आवडलं हे चेहऱ्यावर दिसू न देता खायचो.

एका रविवारी मृणालने मला बेडरूममध्ये ओढलं आणि दार लावून घेतलं.

"समीर, त्यांना कुठेतरी घेऊन जा."

"ईलिंगला एक मंदिर आहे म्हणे..."

"ईलिंग नाही. लांब. विमान लागेल इतकं लांब. मिडवाइफ म्हणाली ना बीपी वाढतंय? ते कशाने वाढतंय सांगू?"

सांगायची गरज नव्हती. खरं तर आम्ही चौघं मिळून स्पेनला जाणार होतो. दोघी भारतातूनच शेंगेन व्हिसा काढून आल्या होत्या. (आईवडिलांना इकडे बोलवत असाल तर हे लक्षात ठेवा. व्हिजिटर म्हणून एकदा यूकेत आल्यावर इथून तो व्हिसा मिळवणं जवळजवळ अशक्य.) मृणालच्या बीपीमुळे बेत बारगळला होता, तो तिनेच पुन्हा उकरून काढला, फक्त स्वतःला वगळून. तिची बहीण क्रॉयडनहून राहायला येणार असं ठरलं. बायको एवढ्या आनंदाने मला निरोप देताना मी याआधी कधी पाहिली नव्हती.

स्पेनमधल्या सेव्हियाची सर्वांत स्वस्त फ्लाइट निघाली लूटनहून. नावातच लूट आहे, तक्रार कुणाकडे करणार? बॅग गेटवरच्या मापाच्या पिंजऱ्यात बसली नाही तर जास्तीचे पैसे, असं मी घरूनच बजावलं होतं. आईने त्यावर तोडगा काढला. दोन साड्या, एक स्वेटर आणि माझं जॅकेट अंगावर घालून ती गेटवर उभी राहिली. मे महिन्यात. सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि स्वतःच्या ट्रॅकपँटच्या खिशातल्या चिवड्याच्या पुड्या जरा आत ढकलल्या.

सेव्हियाला उतरलो आणि तोंडावर भट्टीचं दार उघडल्यासारखं झालं. आई जागच्या जागी अंगावरचे थर सोलायला लागली. "सांगलीसारखंच की रे ऊन!" म्हणाली, आणि इंग्लंडमध्ये आल्यापासून पहिल्यांदा तिचा चेहरा उजळला. एअरपोर्टवरून सिटीत जायला बस आहे, टॅक्सीपेक्षा कितीतरी स्वस्त. आमचं अपार्टमेंट सांता क्रूझ नावाच्या जुन्या भागाच्या कडेला होतं. तिथल्या गल्ल्या एवढ्या अरुंद की दोन विहिणी शेजारी शेजारी चालू शकत नाहीत, त्यामुळे पुढे कोण हा प्रश्न प्रत्येक वळणावर उभा राहायचा. रस्त्यात सगळीकडे संत्र्यांची झाडं. सासूबाईंना नागपूरचा अभिमान दाटून आला. त्यांनी एक पडलेलं संत्रं उचलून सोललं, फोड तोंडात टाकली आणि त्यांचा चेहरा जो वाकडा झाला तो चौकापर्यंत तसाच राहिला. ही कडू संत्री. यांचा मार्मलेड करून इंग्रजांना विकतात, आणि इंग्रज तो नाश्त्याला खातात.

जेवणाचं गणित आधीच सांगतो. संध्याकाळी सात वाजता तुम्हाला भूक लागली असेल तर तो तुमचा वैयक्तिक प्रश्न आहे. आम्ही आठला एका बारमध्ये गेलो तर किचन उघडलंच नव्हतं. छताला डुकराच्या तंगड्या टांगलेल्या. आई शाकाहारी, ती सबंध वेळ खाली बघून बसली. मी टोमॅटोचं थंड सूप, साल्मोरेखो, मागवलं. 'वेहेतारियानो' असं दोनदा सांगूनही त्यावर हॅमचे तुकडे भुरभुरलेले आले. वेटरच्या मते ते मांस नव्हतं, सजावट होती. शेवटी आली एस्पिनाकास कोन गार्बान्सोस. नावाला घाबरू नका. पालक आणि छोले.

"जिरं आहे की ह्यात," आई म्हणाली.

"तिखट काऊन नाही टाकलं पण?" सासूबाईंनी पर्समधून लसणाची चटणी काढली आणि, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, पहिल्यांदा आईच्या ताटलीत घातली. मला वाटलं, झालं काम. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा कोणी करायचा यावरून पुन्हा "तुम्ही बसा" सुरू झालं.

अल्काझारचं तिकीट ऑनलाइन, निघायच्या आधीच काढून ठेवा, नाहीतर भिंतीबाहेर उन्हात रांगेत भाजाल. राजवाडा म्हणजे मुसलमान कारागिरांनी ख्रिश्चन राजांसाठी कोरलेलं प्लास्टर, आणि त्याखाली निळ्या-हिरव्या टाइल्स. मी जरा इतिहास सांगायला लागलो तर आईने विचारलं, "हे पुसतं कोण?" माझं गाइडपण तिथेच संपलं.

कॅथीड्रलमध्ये चार राजांचे प्रचंड पुतळे एक शवपेटी खांद्यावर घेऊन उभे आहेत.

"कोण गेलं?" आई.

"तो दर्यावर्दी गं, भारत शोधायला निघाला होता तो."

"मग सापडला?"

"नाही, भलतीकडेच पोचला."

"विचाराचं ना मग कोणाले तरी," सासूबाई म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

त्याच तिकिटात हिराल्दाचा मनोरा चढता येतो. मूळचा मशिदीचा मिनार. पाडायचा कंटाळा केला आणि वर घंटा टांगल्या. आत पायऱ्या नाहीत, उतार आहेत, म्हणे बांग देणारा घोड्यावरून वर जायचा. सासूबाईंच्या अंगात शाळेचं मैदान संचारलं. "नाकाने श्वास! पाठ सरळ!" एक जर्मन जोडपं निमूटपणे पाठ सरळ करून चालायला लागलं. आई प्रत्येक खिडकीत थांबत होती. मला वाटलं दमली. जवळ गेलो तर म्हणाली, "तिकीट पुढे ढकलता येतं का रे माझं?"

तिचं परतीचं तिकीट पुढच्या पंधरवड्यातलं होतं, डिलिव्हरीच्या बरंच आधीचं. मला डोळ्यांसमोर हॉब दिसला, दोन वरणं दिसली. मी म्हणालो, "बघू." वरून शहर सुंदर दिसतं, पांढरी घरं, गच्च्यांवर वाळत घातलेले कपडे. मी भरपूर फोटो काढले.

तिसऱ्या दिवशी पूल ओलांडून त्रियानाला गेलो. नदीपलीकडचा हा जुना कुंभारांचा, खलाशांचा भाग. इथे टाइल्सची दुकानं आहेत, छान मंडई आहे आणि सांता क्रूझपेक्षा सगळंच स्वस्त. मंडईत जेवत असताना सासऱ्यांचा नागपूरहून व्हिडिओ कॉल आला. त्यांना कुकरची शिट्टी सापडत नव्हती. सासूबाईंनी स्पेनमधून त्यांना कुठल्या ड्रॉवरमध्ये, कुठल्या डब्यामागे, हे सगळं सांगितलं. फोन ठेवून हसल्या. "एक दिवस नाही बाप्पा राहू शकत हे माझ्याशिवाय." आणि त्याच ओघात, "विहीणबाई, तुमचं तिकीट पक्कं आहे ना? बरं झालं. नाही म्हणजे घर लहान आहे न, आणि पहिलं बाळंतपण तर माहेरच्याच बाया करतात."

आईने हातातला रुमाल घडी करून ताटलीशेजारी ठेवला. "मी जरा पाय मोकळे करून येते."

आम्ही कॉफी प्यायलो. मग आणखी एक. आई आली नाही. तिच्या फोनला रोमिंग नव्हतं. ते मी 'नंतर बघू' म्हणून सोडलं होतं. तुम्ही सोडू नका. मंडईला दोन फेऱ्या मारल्या. बाहेर आलो तर दुपारचं ऊन, सगळी शटर्स खाली, रस्त्यावर चिटपाखरू नाही. सिएस्ता, म्हणजे दुपारची वामकुक्षी, ही ब्लॉगवर वाचायला गोड गोष्ट आहे. हरवलेली आई शोधायची असेल तर तेव्हा विचारायलासुद्धा कुणी सापडत नाही.

पूल बघितला, नदीकाठ बघितला, अपार्टमेंटपर्यंत जाऊन आलो. सासूबाई माझ्यापुढे चालत होत्या. जो दिसेल त्याला थांबवून, साडीचा पदर हाताने खांद्यावर घेऊन दाखवत, चक्क नागपुरी मराठीत विचारत होत्या. मध्येच थांबल्या.

"मी बोलायला नव्हतं पाहिजे, ना?"

मी पुढच्या गल्लीत डोकावलो.

"रागवा हो मला. असे गप्प नका राहू."

"मी पण सकाळपासून... काल तिने विचारलं होतं, तिकीट पुढे ढकलता येतं का. मी बघू म्हणालो."

सासूबाईंनी माझ्याकडे, पीटीचा तास बुडवणाऱ्या पोराकडे बघावं तसं बघितलं. "चला," म्हणाल्या.

ऊन कलायला लागलं तशा गल्ल्या जाग्या झाल्या. दारं उघडली, आतून म्हाताऱ्या बायका खुर्च्या घेऊन बाहेर आल्या. ही इथली रीत आहे, उन्हाळ्यात संध्याकाळी दारासमोर खुर्च्या टाकून बसायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्यावर मत द्यायचं. अशाच एका गल्लीत, चौघी बायकांच्या घोळक्यात, मला आकाशी साडी दिसली. आईचे पाय गार पाण्याच्या टबात होते. हातात पंखा. आणि ती बोलत होती. मराठीत. शेजारची फुलाफुलांच्या गाऊनमधली बाई स्पॅनिशमध्ये उत्तरं देत होती.

"आई! कुठे होतीस तू?" माझा आवाज चिरकला.

"इथंच की. चक्कर आल्यासारखं झालं, दारात बसले, तर ह्यांनी खुर्ची दिली. ही चारो." फुलाफुलांच्या गाऊनने मान हलवली. "तिचापण नवरा गेलाय." आईने एक बोट वर केलं, मग आभाळाकडे दाखवलं. चारोनेही तसंच करून दाखवलं. एवढ्या भांडवलावर त्यांचं दुपारपासून चाललं होतं.

सासूबाई धापा टाकत पोचल्या. मला वाटलं आता रडतील किंवा ओरडतील. त्यांनी दोन्ही केलं. "असं कोणी जाते का हो? जीव गेला ना आमचा!" एक बाई आत जाऊन खुर्ची घेऊन आली. सासूबाई बसल्या. मला कुणी खुर्ची दिली नाही. मी भिंतीला टेकून उभा राहिलो, त्यामुळे पुढचं सगळं ऐकलं.

"घर लहान आहे हे मला दिसतंय की," आई पाण्यात पाय हलवत म्हणाली. "मला बाळंतपण नाही करायचं. तो हक्क तुमचाच. मला फक्त सांगलीला नव्हतं राहायचं. हे गेल्यापासून बाहेरून आलं की कुलूप काढायला लागतं. आत कुणी नाही हे माहीत असतं, तरी मी आधी बेल वाजवते."

बाबांना जाऊन दीड वर्ष झालं होतं. मी दर रविवारी फोन करत होतो. "कशी आहेस?" "मजेत."

सासूबाईंनी खुर्ची जवळ ओढली आणि चप्पल काढून आपलेही पाय त्याच टबात घातले. चारोने आतून एक ताट आणलं, तळलेली वांगी, वरून मध. आईने घास घेतला. "काकवीसारखं लागतंय," म्हणाली. दोघींनी मिळून ताट संपवलं. निघताना सासूबाईंनी चिवड्याची उरलेली पुडी चारोच्या हातात कोंबली. "चारूताई, खा हं," असं बजावून सांगितलं.

शेवटच्या दिवशी प्लासा दे एस्पान्याला गेलो. चौकाच्या अर्धवर्तुळात फ्लॅमेंको फुकट बघायला मिळतो, तिकिटाच्या शोपेक्षा मला तोच आवडला. नाचणारी बाई पाय आपटत होती आणि दोघी हातात हात घालून उभ्या होत्या. मी म्हणालो, फोटो काढतो. "आधी पाणी आणा," दोघी एकदम म्हणाल्या. तेव्हा मला कळलं की युती झालीय आणि मी विरोधी पक्षात आहे.

परतीच्या विमानात सासूबाई मधल्या सीटवर होत्या. म्हणाल्या, "ताई, तिकीट पुढे ढकला. मी सोफ्यावर झोपते." विहीणबाईंची ताई कधी झाली, माझ्या लक्षात आलं नव्हतं.

आई खिडकीतून बाहेर बघत होती. "नको. किती दिवस बाहेर राहू? कधीतरी जायलाच पाहिजे की. आता जाते. बाळ झालं की येते, महिनाभर."

मी म्हणालो, "आई, खरंच ढकलू या."

"तू गप रे," आई म्हणाली.

ठरल्या दिवशी ती गेली. हीथ्रोवर सासूबाई इतक्या रडल्या की सिक्युरिटीवाल्याला वाटलं त्याच प्रवासी आहेत. मुलगी झाली, ती आणि मृणाल दोघी ठणठणीत आहेत. आई पुढच्या महिन्यात येतेय. सेव्हियाला जा, जरूर जा, पण ऑक्टोबरात जा. मला त्या शहरातल्या टाइल्स, मनोरे आता एकमेकांत मिसळून गेल्यासारखे आठवतात. फोटो आहेत, ते कुणी बघत नाही.

रोज दुपारी चारच्या सुमाराला सासूबाई फोन घेऊन बाल्कनीत जातात आणि काचेचं दार लावून घेतात. तेव्हा सांगलीत रात्रीची जेवणं आटोपलेली असतात. परवा मी घरून काम करत होतो. काचेपलीकडून आईचं हसणं ऐकू आलं, अगदी मोठ्याने, ठसका लागेपर्यंत. बाबा गेल्यापासून ते मी ऐकलं नव्हतं. मी दार उघडून विचारलं, "काय झालं एवढं?"

"काही नाही, जावईबापू," सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या. "तुमच्याबद्दलच बोलून राहिलो. लावा ते दार."

मी दार लावलं.