रुक्मिणीबाईंची मांदेली

रुक्मिणीबाई हर्णैजवळच्या एका कोळीवाड्यातून चिंचवडला आल्या, त्या १९५२च्या मार्गशीर्षात. नवरा पूर्वीच तापाने गेला होता. एकुलता मुलगा धाकू, वय एकोणीस, कार्तिकातल्या वादळात होडीसकट बेपत्ता झाला होता. होडीत तिघं होते. त्या वेळी तिघांपैकी कुणाचाच पत्ता लागला नाही. आठ दिवस बाई किनाऱ्यावर बसून राहिल्या, अन्नाला शिवेनात, तेव्हा धाकटा भाऊ चिमाजी जाऊन त्यांना घेऊन आला. चिमाजी चिंचवडच्या एका कारखान्यात भट्टीवर होता.

धाकू गेला असं बाई कधीच म्हणत नसत. मागे एकदा वादळात सापडलेल्या दोघांना एका गलबताने उचललं होतं. ते वेरावळला उतरले आणि चार महिन्यांनी चालत घरी आले. ही हकिकत बाईंनी मला कमीत कमी दहा वेळा सांगितली असेल. मासे मात्र त्यांनी सोडले होते. "तो घरी आला की त्याच्या संगती खाईन," म्हणायच्या.

मी तेव्हा पिंपरीच्या एका कंपनीत टायपिस्ट होतो. माझं गाव बीडकडचं, समुद्र मी चित्रातच पाहिलेला. कंपनीत यंत्रं बसवायला गिब्सन नावाचे एक म्हातारे इंजिनिअर विलायतेहून आले होते. रेल्वेलाइनीपलीकडच्या बंगल्यात एकटेच राहत. रुक्मिणीबाई त्यांच्याकडे झाडलोट आणि स्वयंपाक करीत. साहेब एक पुस्तक लिहीत होते आणि संध्याकाळी मी त्याची पानं टाइप करायला जाई. अशी आमची ओळख.

पुस्तक मासेमारीचं होतं, पण जाळ्याच्या नव्हे. गळाला पिसं आणि केस बांधून खोटं भक्ष्य करायचं, ते लांब काठीने आणि दोरीने पाण्यावर अलगद फेकायचं आणि मासा फसवायचा. साहेबांच्या भाषेत त्या खोट्या भक्ष्याला माशी म्हणत. नदीतल्या माशांसाठी ही विद्या जुनी आणि तिच्यावर पुस्तकंही ढीगभर. साहेबांच्या कपाटाचे दोन खण त्यांनीच भरले होते. खाऱ्या पाण्यासाठी मात्र फारच थोड्यांनी काही लिहिलं होतं. "समुद्रातला मासा माश्या खात नाही, यशवंतराव," साहेब सांगत. "तो लहान मासे खातो, कोळंबी खातो. तेव्हा आपली माशी तशी दिसली पाहिजे." आपल्या किनाऱ्यावरच्या माशांसाठी चाळीस माश्या कशा बांधायच्या, ते चित्रांसह लिहायचं त्यांनी ठरवलं होतं.

अडचण एवढीच की त्यांचे हात कापत. पूर्वी त्यांची बायको माश्या बांधून देई. ती वारली होती.

एकदा साहेब टेबलाला लावलेल्या वाइसच्या चिमट्यात गळ धरून त्यावर पीस बांधत होते. दोरा तीनदा सुटला. चौथ्यांदा पीसच खाली पडलं. रुक्मिणीबाई चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी कप ठेवला, पीस उचललं, पदराला हात पुसले आणि विचारल्याशिवाय दोरा हातात घेतला. लहानपणापासून जाळी विणलेले हात ते. पाच-सहा वेढे आणि एक गाठ. साहेबांनी ओढून पाहिलं. गाठ हलली नाही.

"हे काय हाय?" बाईंनी मला विचारलं.

"मांदेली," मी म्हणालो. टाइप करून करून नाव पाठ झालं होतं.

बाई हसल्या. मी त्यांना हसताना प्रथमच पाहिलं. "मांदेली अशी जाडी नसते भाऊ. पोट चपटं असतं, अन् सोन्यावानी चमकतं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी जुन्या लुगड्याच्या काठातली जर उसवून आणली. साहेब म्हणाले, खाऱ्या पाण्यात ती काळी पडेल. मग चहाच्या खोक्यातला चांदीचा कागद आला, त्यावर पिवळं व्हार्निश आलं. पांढरे केस बोकडाचे, शेपटीला कोंबड्याचं पीस. मांदेली बांधून झाल्यावर साहेब किती तरी वेळ भिंग लावून बघत बसले. मग टोपी डोक्यावर नसतानाही त्यांनी ती काढल्यासारखं केलं.

दीड वर्ष हे चाललं. जवळा, कोळंबी, तारली, बोईची पिल्लं, सगळं बाईंनी आठवून आठवून बांधलं. कोणता मासा कुठल्या पाण्यात कुणामागे लागतो, हे त्या सांगत. मी इंग्रजीत सांगे आणि साहेब लिहून घेत. समुद्रापासून इतक्या लांब, कारखान्याच्या भोंग्याच्या आवाजात बसून. प्रत्येक माशीला पुस्तकात नाव हवं होतं. पहिल्या मांदेलीला काय नाव द्यायचं, असं साहेबांनी विचारलं, तेव्हा बाई पटकन म्हणाल्या, "धाकू." मग म्हणाल्या, "आला की त्याला दाखवीन. आपलं नाव इंग्रजीत बघून लाजंल."

मी टाइप केलं: धाकू.

१९५६च्या डिसेंबरात साहेबांनी हर्णैला जायचं काढलं. माश्या खऱ्या पाण्यात फेकून पाहिल्याशिवाय पुस्तक छापायला द्यायचं नव्हतं. बाईंनी बरोबर यावं, असा त्यांचा आग्रह होता. बाई दोन दिवसांनी हो म्हणाल्या. चिमाजी मला कंपनीच्या फाटकाशी गाठून म्हणाला, "यशवंतराव, तिला नका नेऊ. तिला सोसायचं नाय." मला वाटलं, बहिणीच्या काळजीने बोलतो आहे. मी म्हणालो, माणसांना भेटेल, बरं वाटेल.

जीपने घाट उतरून, खेड-दापोली करत आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो. खाडीच्या मुखाशी साहेब गुडघाभर पाण्यात उतरले. मी आणि बाई वाळूत बसलो. बाईंनी चपला काढून ठेवल्या होत्या, पण पाण्याला पाय लावला नाही. साहेबांची दोरी मागे जाई, क्षणभर हवेत थांबे आणि पुढे सरळ उलगडे. बाई तिच्याकडे एकटक बघत होत्या.

डोक्यावर टोपली घेतलेली एक म्हातारी वाटेने येत होती. ती थांबली.

"रुक्मी? तूच ना गो?"

"ठकुबाय!" बाई उठल्या. ही त्यांची शेजारीण. हिचा नवराही त्याच होडीत होता.

ठकुबाईंनी टोपली उतरवली, बाईंच्या तोंडावरून हात फिरवला. "किती वर्सांनी गो. धाकूच्या वर्षश्राद्धाला तरी येशील, असं वाटलं होतं."

"कुणाच्या?" रुक्मिणीबाई म्हणाल्या.

ठकुबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग सगळं हळूहळू बाहेर आलं. बाई चिंचवडला गेल्यावर चौथ्या दिवशी दोन प्रेतं केळशीच्या वाळूत लागली. चेहरे ओळखण्यासारखे नव्हते. धाकूच्या करगोट्यात तांब्याचा ताईत होता, त्यावरून तो ओळखला. वाडीतल्यांनीच अग्नी दिला, दिवस घातले. "चिमाजीला कार्ड धाडलं. शाळेतल्या मास्तरांकडून लिवून घेतलं. त्याचं उत्तर पण आलं गो, ताईला सांगतो म्हणून."

बाई खाली बसल्या, वाळूत दोन्ही हात रोवून.

तेवढ्यात साहेब ओरडले. काठी वाकली होती. बऱ्याच झटापटीनंतर हातभर लांब रावस घेऊन ते पाण्यातून धावत आले, लहान मुलासारखे. "रुक्मिणी! युवर मांदेली!" आमची तोंडं पाहून ते थबकले. मी दोन वाक्यांत सांगितलं. साहेबांनी रावस ओल्या वाळूवर ठेवला आणि तेही बाईंपासून थोडं अंतर ठेवून खाली बसले. ऊन उतरेपर्यंत कुणी उठलं नाही.

ठकुबाईंनी ताईत चार वर्षं दिवळीत जपून ठेवला होता. तो घेऊन आम्ही परतलो.

चिमाजीच्या खोलीपर्यंत मी बाईंबरोबर गेलो. तो दारातच उभा होता. बाईंनी मूठ उघडून ताईत दाखवला.

चिमाजीचा चेहरा उतरला. "ताई, तू तेव्हा दोन घास खायचीस ते तो येईल म्हणून. कार्ड आलं त्या दिवशी सांगणार होतो. तू जेवत होतीस. मग उद्या सांगू, परवा सांगू..."

"चार वर्सं मी मेलेल्याची वाट बघितली," बाई म्हणाल्या. "तू रोज बघत होतास मला."

त्यानंतर त्या त्याच्याशी बोलल्या नाहीत. राहिल्या तिथेच, दुसरीकडे कुठे जाणार? त्याच्या शिफ्टप्रमाणे भाकरी करून झाकून ठेवत, कपडे धूत. पण शब्द नाही. चिमाजी मला भेटला की मान खाली घाली. खरं सांगायचं तर मलाही त्याच्याकडे धड बघवत नसे. तिला नेऊ नका, असं त्याने सांगितलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं.

अकरा माश्या राहिल्या होत्या. साहेब म्हणाले, राहू द्या. पण बाई तिसऱ्याच दिवशी टेबलाशी येऊन बसल्या आणि महिनाभरात त्यांनी सगळ्या पुऱ्या केल्या. गाठी पूर्वीसारख्याच पक्क्या. बोलणं तेवढं थांबलं होतं. पहिल्या मांदेलीचं नाव बदलू का, असं मी विचारलं. "असू दे," त्या म्हणाल्या. "हाक मारायला मला आता ते नाव लागत नाय."

साहेब १९५८ला मायदेशी गेले. पुढच्या वर्षी पार्सल आलं. निळ्या कापडी बांधणीचं पुस्तक, आत रंगीत चित्रांची आठ पानं. सुरुवातीला साहेबांनी लिहिलं होतं, की यातल्या सर्व माश्या चिंचवडच्या रुक्मिणीबाईंनी बांधल्या आहेत आणि यातलं अर्धं ज्ञानही त्यांचंच आहे.

रविवारी मी ते घेऊन गेलो. बाईंनी चित्रं एक-एक करून पाहिली. मांदेलीच्या पानावर त्या बराच वेळ थांबल्या, अक्षरांवर बोट ठेवून मला विचारलं, "हेच?" मी हो म्हणालो. डोळे पुसून त्या चुलीकडे गेल्या.

चिमाजी शिफ्टवरून आला. दारातच त्याने मला हळूच विचारलं, "त्यात धाकूचं नाव हाय म्हणतात?" मी पुस्तक पुढे केलं. भट्टीची काजळी लागलेला हात त्याने त्या पानाकडे नेला.

"आधी हात धू," आतून आवाज आला. "मग बघ."

अडीच वर्षांनी त्या त्याच्याशी बोलल्या होत्या. चिमाजी मोरीवर गेला आणि किती तरी वेळ हात धूत राहिला.